लॅब मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत का?

सायली_धायरी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे चिंगी आहे. पिवळी लॅब, तीन वर्षांची. स्वभावाने गरीब, खायला वाघ. जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून टुणटुण चढते, म्हणून सोसायटीतली पोरं तिला ससुल्या म्हणतात. आतापर्यंत चारदा माजावर आली. दर वेळी तीन आठवडे घरात चड्ड्या, फडकी, आणि खाली राजाचं रात्रभर रडगाणं. (राजा म्हणजे आमच्या गल्लीतला तपकिरी गावठी. एक कान अर्धाच आहे, पण रुबाब पूर्ण.)

ऑपरेशन करून टाकावं असा विचार होता. पण सासूबाईंचं म्हणणं, "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला. नाहीतर पुढे गर्भाशयाची दुखणी लागतात." त्यातच नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांकडे काळा लॅब आहे, ब्रूनो, चार वर्षांचा, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर असलेला. ते म्हणाले, पैसे नकोत, पिल्लांतलं पहिलं निवडून आम्ही घेऊ, बाकीची तुमची. लेकीने (इयत्ता चौथी) आठ पिल्लांची नावंही वहीत लिहून ठेवली आहेत.

आम्ही चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा फ्लॅट. मी घरूनच काम करते. आधी कशाकशाचा विचार करायला हवा? ज्यांनी हे केलंय त्यांनी खरंखुरं सांगा.

पेठेतला_पाहुणा | ९:२०

पत्रिका पाहिलीत का? काळा मुलगा, गोरी मुलगी, मुलाकडचे हुंड्यात पिल्लू मागतायत. स्थळ जरा विचार करूनच घ्या.

कोकणकन्या७८ | ९:२६

हसून हसून पुरेवाट. उद्या हॉल बुक करा म्हणाल.

सायली, करा की. आमच्या ल्युसीला सात झाली होती. घरात असा आनंद आमच्या पोरांच्या बारशालाही नव्हता. सगळी ओळखीत गेली, काही त्रास झाला नाही. उगाच घाबरवणारे प्रतिसाद येतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

मिथिला_नाशिक | १०:०५

कोकणकन्या, तुमचं नशीब. मी घाबरवणाऱ्यांपैकी एक, माफ करा.

आमच्या जुलीला २०१९ मध्ये नऊ झाली. पहिले दोन आठवडे खरंच स्वर्ग. आई सगळं चाटूनपुसून साफ करते, पिल्लं दूध पितात आणि झोपतात, आपण फोटो काढायचे. तिसऱ्या आठवड्यापासून ती चालायला लागतात आणि आई साफसफाईचा राजीनामा देते. नऊ पिल्लं, प्रत्येक जण दिवसातून आठ-दहा वेळा. गणित तुम्हीच करा. आम्ही अख्ख्या बिल्डिंगकडून रद्दी मागून आणायचो. रद्दीवाला येऊन विचारायला लागला, ताई, तुम्ही आता विकायची सोडून विकत घेता का?

दोन पिल्लं अशक्त होती. त्यांना दर दोन-अडीच तासांनी बाटली. गाईचं दूध चालत नाही, ते त्यांना फार पातळ पडतं, पिल्लांसाठीची वेगळी पावडर आणावी लागली. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, त्याशिवाय ती शू-शी करत नाहीत. हे मला तोवर माहीतच नव्हतं. एक वाचलं, एक सहाव्या दिवशी माझ्या तळहातावर गेलं. तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, तो पुढे महिनाभर मला विचारत होता की आपण कमी दूध दिलं का.

आणि "ओळखीत जातील" हे पोटात असेपर्यंतचं. आठ आठवड्यांचं पिल्लू समोर आलं की लोकांच्या बदल्या होतात, सासऱ्यांना दमा होतो, फ्लॅटला रंग काढायचा असतो. बारा जणांनी सांगून ठेवलं होतं, प्रत्यक्षात तिघे आले. पाच पिल्लं चौदा आठवडे आमच्याकडे होती. दिलेल्यांपैकी एक सातव्या महिन्यात परत आलं, कारण "फार चावतो". तोच आता आमचा गंप्या.

गंप्यावर जीव आहे हो. पण पुन्हा नाही.

पेठेतला_पाहुणा | १०:११

रद्दीवाल्याचा किस्सा कडक. तळहातावरचं पिल्लू वाचून मात्र गप्प झालो.

पशुवैद्य_शिरवळकर | १०:५८

मी गेली अकरा वर्षं लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो. जरा लांबेल.

सायलीताई, आधी सासूबाईंचं. एकदा व्यायली की गर्भाशयाची दुखणी टळतात हा समज माझ्या दवाखान्यात आठवड्याला एकदा तरी ऐकू येतो. गर्भाशयात पू होण्याचा जो आजार आहे, पायोमेट्रा, तो माज येऊन गेल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत होतो आणि व्यालेल्या माद्यांनाही होतो. त्यातून नक्की सुटका एकच, गर्भाशय काढणं. शिवाय आई न झाल्याची रुखरुख कुत्रीला लागत नाही, ती आपल्याला लागते.

आता करायचंच ठरवलं तर. वय दोनच्या पुढे, शरीराची वाढ पूर्ण झालेली. पहिलं वेत पाच-सहा वर्षांच्या पुढे नको. माज साधारण सहा-आठ महिन्यांनी येतो, म्हणून दर माजाला लावायची नाही. नर आणि मादी, दोघांचेही खुबे आणि कोपर यांचे एक्स-रे. लॅबमध्ये खुब्याची वाटी उथळ असण्याचा दोष घराण्यातून येतो. आई-बाप वरून ठणठणीत दिसले तरी पिल्लू दीड वर्षाचं होईस्तोवर लंगडायला लागतं. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए आहे. तो दोष आई-बाप दोघांच्या रक्तात लपलेला असेल तर दोघांना स्वतःला काही होत नाही, पण दर चार पिल्लांत सरासरी एक आंधळं होतं. याची चाचणी गालाच्या आतल्या लाळेवरून होते. "पेपर आहेत" याचा अर्थ आई-बाप कोण ते लिहिलेलं आहे, एवढाच. पेपर म्हणजे तब्येतीचा दाखला नाही.

तिसरं, ब्रुसेला. दोघांचीही रक्ततपासणी. हा जंतू समागमातून पसरतो, पिल्लं शेवटच्या दिवसांत गाभडतात, कुत्र्यातून तो पूर्ण जाईल याची खात्री देता येत नाही, आणि माणसालाही होऊ शकतो. नर मोकळा फिरत असेल तर टीव्हीटीसुद्धा बघा. जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ येते, ती एकाकडून दुसऱ्याला लागते. इंजेक्शनांनी बहुतेक वेळा बरी होते, पण आठवड्याला एक असं महिना-दीड महिना चालतं.

आणि ताई, तुमच्या लेखात एक वाक्य मला खटकलं. ती जिना सशासारखा चढते ते. ते गोड दिसतं, पण लॅबमध्ये मागचे पाय जोडीने टाकणं हे खुबा दुखत असल्याचं लक्षण असू शकतं. पिल्लांचा निर्णय काहीही होवो, एक्स-रे काढून घ्या.

सायली_धायरी | ११:१०

डॉक्टर, पोटात गोळा आला. आम्ही तर त्याचे व्हिडिओ करून नातेवाइकांना पाठवतो. उद्याच विचारते.

सांगलीचा_बंड्या | मंगळवार, सकाळी ७:४०

आमची मोती. पॉमेरेनियन, चार पिल्लं, बाळंतपण एकदम सुखरूप. आई रोज तिला कॅल्शियमचं टॉनिक पाजायची, गाभण असल्यापासून, न चुकता. पिल्लं तीन आठवड्यांची झाली आणि एका रात्री दोन वाजता मोती थरथरायला लागली. पाय ताठ, तोंडाला फेस, अंग तव्यासारखं. वडील म्हणाले पिसाळली, कुणी जवळ जाऊ नका. आजोबा म्हणाले कुणीतरी विष घातलं. मी तिला गोधडीत गुंडाळून स्कूटरवर घेतली. डॉक्टरांनी दार उघडलं, बघितलं आणि एकच विचारलं, पिल्लं किती आणि केवढी? सलाईनमधून कॅल्शियम हळूहळू सोडलं, एक हात सारखा छातीवर ठेवून. अर्ध्या तासात उठून बसली आणि डॉक्टरांचाच हात चाटायला लागली.

मला अजून कळलेलं नाही, टॉनिक चालू असताना कॅल्शियम कमी कसं पडलं?

पशुवैद्य_शिरवळकर | ८:१५

टॉनिकमुळेच, बंडोपंत. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम सारखं मिळत गेलं की हाडांतून ते काढायची शरीराची सवय मोडते. पिल्लं जोरात ओढायला लागली की एकदम मागणी वाढते आणि शरीर ऐन वेळी हात वर करतं. लहान चणीच्या कुत्र्यांत जास्त. गाभणपणी चांगला आहार द्यायचा, शेवटच्या तीन आठवड्यांत वाढवायचा. कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितलं तरच. आईंना दोष देऊ नका, प्रेमानेच पाजलं त्यांनी.

सांगलीचा_बंड्या | ८:२२

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, मग त्या बाटलीवर कुत्रीचं चित्र कशाला छापतात?

भटक्यांची_माय | ९:३०

हे सगळं वाचून डोकं फिरतं. रस्त्यावर पिल्लं गाडीखाली मरतायत, आसऱ्यांमध्ये जागा नाही, आणि आपण चर्चा करतोय की आणखी आठ कशी काढायची. लेकीला पिल्लू हवंय? कुठल्याही कचराकुंडीपाशी या, मी दाखवते. गावठी घ्या, चिंगीचं ऑपरेशन करा, धागा संपला.

कोकणकन्या७८ | ९:४१

आल्या. प्रत्येक धाग्यावर हेच.

झंप्या_बोरिवली | ९:४२

खुर्ची ओढून बसलो आहे. चहा कुणी आणतंय का?

औशाचा_अण्णा | दुपारी १:१८

माय, तुमचा राग खरा हाय, पण सगळ्याला एकच काठी लावू नका. आमी तीन पिढ्या कारवान सांभाळतो. लातूर, सोलापूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) ह्या भागातलं कुत्रं हाय ते. लांब पाय, अरुंद तोंड, पोट पाठीला लागल्यालं. त्यातच कानाशेपटीला रेशमी केस असल्यालं ते पश्मी. शिकारीवर बंदी आली, आता शेताची राखण. आमी बी सगळ्यांनी आपरेशन केलं तर पुढं कारवान बघायला फोटोच राहील.

पर आमच्यातबी घाण शिरली हाय. शर्यतीसाठी लोकांनी ग्रेहाउंडचं रगत घातलं. पळतं झपकन, पर उन्हात दम धरीत न्हाई आन कातडी बारीकशा काट्यानं फाटती. माझा आजा मादी लावायच्या आधी नराच्या मालकाच्या गावी जाऊन दोन दिस राहायचा. कुत्रं कसं खातंय, पोराबाळात कसं वागतंय, आई-बाप कोण, भावंडं किती जगली, सगळं बघायचा. डॉक्टर म्हणतात ती तपासणीच की ही, फकस्त यंत्र नव्हतं. चावरं कुत्रं असलं तर कितीबी देखणं असू दे, आजा म्हणायचा, हे झाड हितंच थांबू द्या.

पिल्लू पैशानं दिलं न्हाई कधी. नारळ आन कापड घ्यायचं. आन अट अशी की नको झालं तर रानात सोडायचं न्हाई, आमच्याच दारात आणून बांधायचं. आतापतूर दोन परत आली. दोनी ठेवली.

भटक्यांची_माय | १:४०

अण्णा, तुमच्यासारखे असतील तर माझं भांडण नाही. परत घ्यायची तयारी हा एकच प्रश्न मी सगळ्यांना विचारते, आणि तिथेच सगळे गप्प होतात. सकाळी चढ्या आवाजात बोलले, सायली, सॉरी. रात्रभर एका पार्व्होच्या (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) पिल्लाशेजारी जागी होते.

सायली_धायरी | १:५२

सॉरी कशाला. पिल्लू कसं आहे?

भटक्यांची_माय | १:५५

गेलं पहाटे.

स्लाव_सातारकर | दुपारी ४:०७

माय, वाईट वाटलं.

इकडचं थोडं सांगतो, तुलना म्हणून. इंग्लंडमध्ये खुब्याच्या एक्स-रेला गुण देतात. एका बाजूचे ० ते ५३, दोन्ही मिळून जास्तीत जास्त १०६, आणि इथे कमी गुणांचं कौतुक. लॅबच्या पिल्लाची जाहिरात वाचताना लोक आधी आई-बापाचे गुण बघतात. माझ्या पोरीच्या दहावीलाही एवढी चौकशी नव्हती झाली. एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकता येत नाही. ज्याच्या घरी जन्मलं तिथे जाऊन, आईजवळ बघून घ्यायचं. वर्षात तीन किंवा जास्त वेतं काढली की परवाना लागतो.

म्हणजे इकडे सगळं आदर्श आहे असं नाही. लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाला पिल्लू हवं होतं, आणि ऑफिसं सुरू झाल्यावर किती जणांना ते नकोसं झालं ते आम्ही पाहिलंय.

झंप्या_बोरिवली | ४:३०

आपल्याकडे कायदा आहे का काही? की रामभरोसे?

काळा_कोट | ४:५१

आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्याखाली २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षांपेक्षा लहान नको, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नको, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, विकण्यापूर्वी लसीकरण आणि मायक्रोचिप. घरगुती आहे, एकदाच केलंय, या बोलण्यावर विसंबून जाहिरात टाकू नका. फुकट देणार असाल तरी आठ आठवड्यांचं पाळाच, कारण भावंडांत राहूनच पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं.

अंमलबजावणी किती होते ते विचारू नका, मी वकील आहे, कवी नाही.

झंप्या_बोरिवली | ४:५५

आणि ते २३ जातींवर बंदी आली होती ते?

काळा_कोट | ५:०३

मार्च २०२४ चं केंद्राचं परिपत्रक. पिटबुल, रॉटवायलर वगैरे. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवलं. त्यात लॅब नव्हताच. अवांतर पुरे.

ठाणे_लोकल | रात्री ८:३५

लॅबचा धागा आहे, पण पगवाल्यांनीही वाचावं म्हणून लिहितो.

२००३ च्या आसपास हच या मोबाइल कंपनीची पगवाली जाहिरात आली आणि पग घरोघर झाले, त्यातलेच आम्ही. आमची बबली. शेजाऱ्यांच्या पगशी लावली, हौस म्हणून. एक्स-रे काढला नाही, किती पिल्लं आहेत तेही माहीत नाही. साठ दिवस झाल्यावर एका दुपारी कळा सुरू झाल्या. तासभर जोर करत होती, काही नाही. मग हिरवट पाणी आलं. आम्ही नेटवर शोधत बसलो की हिरवं म्हणजे काय. त्यात पाऊण तास गेला. रविवार, तीन दवाखाने बंद. चौथ्यात सिझेरियन झालं, तीन पिल्लांतली दोन आतच गेलेली. पगचं डोकं मोठं, कंबर अरुंद, आणि नाक चेपकं असल्याने भूल देणंही जोखमीचं, हे सगळं नंतर कळलं. तिसरं जगलं, पण बबलीने त्याला जवळच घेतलं नाही.

पैसे गेले त्याचं काही नाही. तो पाऊण तास आठवतो.

पशुवैद्य_शिरवळकर | रात्री ९:२०

ठाणेकर, लिहिलंत हे बरं केलंत. त्याला जोडून चार गोष्टी सांगतो, कुणाला तरी उपयोगी पडतील.

गाभणपण सरासरी ६३ दिवसांचं. पंचविसाव्या दिवसाच्या पुढे सोनोग्राफीत ठोके दिसतात. पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढला की कवट्या मोजून पिल्लांचा आकडा कळतो. तो कळला नाही तर शेवटचं आत राहिलं का हे कोण सांगणार? शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप मोजा. ९९ च्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत कळा सुरू होतात. पहिलं पिल्लू यायच्या आधी हिरवट स्राव आला म्हणजे वार सुटली, तिथून पुढे मिनिटं मोजायची. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू नाही, किंवा आत पिल्लं आहेत आणि दोन तास काहीच नाही, तर निघायचं. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता आणि तिथे भूल देणारं माणूस असतं का, हे आधी जाऊन बघून या. फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग यांची तर बहुतेक बाळंतपणं सिझेरियननेच होतात. ज्या जातीला पोट फाडल्याशिवाय जन्म देता येत नाही ती आपण हौसेने का वाढवतोय, हा प्रश्न मी रुग्णमालकांना विचारतो आणि माझं एक गिऱ्हाईक कमी होतं.

जन्मलेल्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड पोटात दूध पचत नाही. आणि पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे. आईची लसीकरणं, जंत हे सगळं लावण्याआधी उरकायचं, गाभण असताना बहुतेक लसी टाळतात.

पेठेतला_पाहुणा | ९:३३

डॉक्टर, फी कुठे पाठवू?

कोकणकन्या७८ | ९:५०

खरं सांगू? ल्युसीच्या वेळी यातलं एकही केलं नव्हतं आम्ही. ना एक्स-रे, ना रक्त, ना ताप. सगळं छान झालं म्हणून मी पहिला प्रतिसाद तसा दिला. पण ठाण्याचं वाचल्यावर वाटलं, सात पिल्लांपैकी मला आज फक्त दोघांचा ठावठिकाणा माहीत आहे. बाकीच्यांचे खुबे कसे आहेत कोण जाणे.

मिथिला_नाशिक | ९:५८

कोकणकन्या, हे लिहायलाही धैर्य लागतं.

आळशी_मांजर | १०:१५

मांजर पाळा. मांजर तुमचं मत विचारतच नाही, सगळं स्वतः ठरवून येते आणि कपाटात विते.

झंप्या_बोरिवली | १०:१७

माझ्या लग्नाच्या शालूवर व्याली होती आमची. (शालू बायकोचा. हलके घ्या.)

नवखा_नितीन | बुधवार, सकाळी ११:०२

माझ्याकडे नर आहे, जर्मन शेफर्ड. नरवाल्याला काय, त्याचं काम अर्ध्या तासाचं, असं मला वाटायचं. पहिल्याच वेळी मादीवाले घाबरले, दोघं अडकली म्हणून पाणी ओतायला निघाले. अडकतात, पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तही. ओढून सोडवायला गेलं तर दोघांनाही इजा होते. ते जाऊ दे. वर्षभराने त्या मादीवाल्यांचा फोन, दोन पिल्लांचे मागचे पाय गेले, तुमच्या कुत्र्याचे रिपोर्ट आहेत का? नव्हते. मग काढले. खुबे खराब निघाले. तोवर तो तीन ठिकाणी लावून झाला होता.

तिन्ही घरी फोन करून सांगितलं. एकाने शिव्या घातल्या, बरोबरच होत्या.

सायली_धायरी | शुक्रवार, रात्री ८:४४

मंडळी, आले. दोन दिवस वाचत होते, लिहायला सुचत नव्हतं.

काल चिंगीचा एक्स-रे काढला. थोडी भूल देऊन काढतात, पाय सरळ ताणून. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. डावा बरा आहे, उजव्या खुब्याची वाटी उथळ, गोळा अर्धा बाहेर. म्हणजे ससुल्या गंमत म्हणून उड्या मारत नव्हती. मी घरी येऊन ते सगळे व्हिडिओ पुन्हा बघितले. एकात मी मागून हसतेय आणि "अजून एकदा, अजून एकदा" म्हणतेय.

खुब्याच्या ऑपरेशनची आत्ता गरज नाही म्हणाले. वजन चार किलो उतरवायचं, जिना बंद, फरशीवर रबरी चटया, पोहायला मिळालं तर उत्तम. पिल्लांचा विषय अर्थात संपला.

ब्रूनोच्या घरी फोन करून कळवलं. शिष्टाचार म्हणून हेही म्हटलं की तुम्ही दुसरीकडे लावणार असाल तर ब्रुसेला आणि खुबे तपासून घ्या. त्यावर ते म्हणाले, "अहो, आमचा मुलगा तसा नाहीये."

पेठेतला_पाहुणा | ८:४६

!!!!!

झंप्या_बोरिवली | ८:४७

सगळ्या मुलांच्या आया हेच म्हणतात.

औशाचा_अण्णा | ८:५९

ताई, वाईट वाटून घेऊ नका. वेळेत कळलं. माझा आजा असता तर म्हणला असता, पोरगी घरात ठेवा, लाडात ठेवा, झाड हितंच थांबू द्या.

मिथिला_नाशिक | ९:०५

सासूबाई काय म्हणाल्या?

सायली_धायरी | ९:१४

त्यांना एक्स-रे दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. त्यांचाच गुडघा तीन वर्षांपूर्वी बदललाय. मग एवढंच म्हणाल्या, "हिला वर बेडवर चढू देऊ नका, खाली माझी गादी घाला." तेव्हापासून चिंगी त्यांच्याच खोलीत झोपते.

लेकीला सांगणं अवघड गेलं. तिने वहीतली आठ नावं खोडली नाहीत. म्हणाली, ठेवते, माय-मावशींना लागतील. माय, तुम्हाला चालतील का?

भटक्यांची_माय | ९:२०

पाठव सगळी. या आठवड्यात पाच आलीत, कचराकुंडीतलीच. नावं द्यायला वेळ झालेला नाही.

सायली_धायरी | ९:२८

घ्या: लाडू, शेव, बुंदी, चकली, करंजी, अनारसा, चिवडा, आणि शेवटचं नाव विराट.

झंप्या_बोरिवली | ९:२९

विराट दिवाळीच्या फराळात कधीपासून?

पशुवैद्य_शिरवळकर | ९:४०

सायलीताई, गर्भाशय काढायचं असेल तर ऐन माजात नको, रक्तपुरवठा वाढलेला असतो. माज संपून दोन-तीन महिने गेल्यावर बघू. वजन उतरलं की भूलही सोपी. शेवटचा माज कधी येऊन गेला?

सायली_धायरी | ९:४६

डॉक्टर, हेच सांगायचं राहिलं. आज सकाळी फरशीवर लाल थेंब दिसले. राजा दुपारपासून गेटपाशी आहे.

पशुवैद्य_शिरवळकर | ९:४९

तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा. पट्टा हातातून सोडू नका, खाली नेताना वेळा बदला, चड्डीवर भरवसा ठेवू नका. आणि गच्चीचं दार?

सायली_धायरी | ९:५३

गच्चीला कुलूप, किल्ली सासूबाईंच्या कनवटीला. राजा वॉचमनच्या खुर्चीखाली जाऊन झोपलाय. वॉचमन उभा आहे.